गुरप्पांची जखम

चंद्रिका सिस्टरचं काम जेवायला बसल्यावर कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. त्या धुवायच्या, सडलेला भाग काढायचा, औषधाची पट्टी आत भरायची आणि माणसाला कुशीवर वळवून यायचं. मिशनच्या जुन्या दवाखान्यातून तिला पत्ते मिळायचे आणि ती पिशवी खांद्याला लावून रिक्षानं सोलापूरभर हिंडायची. पूर्वी तिची स्कूटी होती. तीच घेऊन निवेदिता त्या दिवशी कॉलेजला गेली होती.

निवेदिता तिची आणि शमुवेलची एकुलती एक मुलगी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मागच्या थंडीत, उसाचा हंगाम ऐन भरात असताना, विजापूर रोडवर दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरशी तिची धडक झाली. ड्रायव्हर ट्रॅक्टर तिथंच टाकून पळाला. नंतर सापडला आणि जामिनावर सुटलाही. कोर्टात ट्रॅक्टरमालकाच्या वकिलानं सांगितलं की ट्रॅक्टर बंद पडून कडेला उभा होता, ड्रायव्हर जॅक आणायला गेला होता, मुलगीच मागून येऊन आदळली आणि जागीच गेली. पाहिलेलं कुणीच नव्हतं. शमुवेलला त्या वकिलाचा राग यायचा, पण त्याच्या बोलण्यातलं एक त्यानं घट्ट धरून ठेवलं होतं. जागीच गेली. तिला काही कळलं नाही. कुणी घरी भेटायला आलं की तो एवढंच सांगायचा.

ड्रायव्हरचं नाव मंजुनाथ. दोघांनी त्याला कोर्टात एकदाच बघितलं होतं. किडकिडीत पोरगा, मान खाली घातलेला.

त्यानंतरचा उन्हाळा सरता सरता चंद्रिकाला शुक्रवार पेठेतला एक पत्ता मिळाला. पेशंटचं नाव गुरप्पा. पक्षाघात होऊन उजवी बाजू गेलेली. बोळाच्या टोकाला दोन खोल्या, वर पत्रा. सून धनलक्ष्मी दारात उभी होती, कडेवर दोनेक वर्षांची मुलगी. आत शिरताच चंद्रिकाला वासावरूनच कळलं की इथं यायला उशीर झालाय.

"कधीपासून आहे हे?"

"लई दिवस झाले, सिस्टर. मी हळद लावत हुते."

गुरप्पा पूर्वी चादरीच्या कारखान्यात हमाल होते. अंगानं थोराड माणूस आता खाटेवर नुसता सांगाडा होऊन पडला होता. आजारानंतर त्यांचं मराठी जवळजवळ पुसून गेलं होतं, उरलं होतं ते घरचं कन्नड, तेही अडखळत. चंद्रिका लहानपणी अक्कलकोटला वाढलेली, तिला ते समजायचं. ती जखम धुवायला लागली तेव्हा ते तोंड भिंतीकडं करून म्हणाले, "तंगी, वास येतो ना? तू नाक बांधून घे." तंगी म्हणजे धाकटी बहीण. चंद्रिकानं मास्क खाली ओढला आणि म्हणाली, "मला नाही येत." ते खोटं होतं. पण म्हातारा रडायला लागला, आणि त्या दिवसापासून तो तिच्या वाटेकडं डोळे लावून बसायला लागला.

ती तिथं जायला लागून आठवडा झाला असेल. त्या दिवशी जखमेतली जुनी पट्टी निघाली होती, आत तळहात मावेल एवढा खड्डा उघडा होता, आणि दारातून कुणीतरी दुधाची पिशवी घेऊन आत आलं. चंद्रिकानं वर बघितलं. मंजुनाथ होता.

त्यानंही ओळखलं. पिशवी हातात तशीच धरून तो उंबऱ्यावर थांबला. धनलक्ष्मी म्हणाली, "ह्ये आमचे मालक. सिस्टर, ह्यांना जरा सांगा की, बापाजवळ बसत जा म्हणावं." मंजुनाथ पिशवी खाली ठेवून बाहेर निघून गेला.

चंद्रिकाचे हात थांबले होते. तिला आठवतं ते एवढंच, की तिच्या डोक्यात त्या वेळी देवाचं नाव नव्हतं. तिला वाटलं, आत्ता उठावं, हा खड्डा असाच उघडा सोडावा आणि चालू पडावं. गुरप्पांनी चाचपडत डावा हात मागं केला आणि तिच्या कोपराला लावला. "झालं का, तंगी?" तिनं खड्ड्यात पट्टी भरली, वर कापूस ठेवला, चिकटपट्टी लावली. मग पिशवी आवरून, मागं न बघता ती बोळाबाहेर पडली.

घरी तिनं काही सांगितलं नाही. दवाखान्यात मात्र मोठ्या सिस्टरला सांगितलं की तो पत्ता दुसऱ्या कुणाला द्या. मोठ्या सिस्टरनं कारण विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. "तू जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "पण दुसरी कोण आहे माझ्याकडं? एक बाळंतपणाच्या रजेवर, दुसरी बार्शीकडं. बघते मी."

चंद्रिका गेली नाही. दुसरंही कुणी गेलं नाही. ती रोज सकाळी शमुवेलचा डबा करायची, प्रार्थना करायची. आणि प्रार्थनेत तिच्या तोंडातून एकच निघायचं, मला सांगू नकोस. प्रभू, हे करायला तू मला सांगू नकोस. लहानपणापासून ती देवाशी असंच बोलायची, बापाशी बोलल्यासारखं, आडून न बोलता.

मग धनलक्ष्मीचा फोन आला. ती फोनवरच हुंदके देत होती. "सिस्टर, आमचं काय चुकलं? तुमी का येईना? जखमेत अळ्या पडल्यात हो. मी काडीनं काढायला गेले तर आतच जातात. मामा वरडतात. मी काय करू?"

चंद्रिका उठली आणि गेली.

पुढं लोकांनी ह्या जाण्याला फार मोठी मोठी नावं दिली. तिला स्वतःला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की तिला प्रेम बिम काही आलं नव्हतं. अळ्या पडलेली जखम तिला डोळ्यांसमोरून हलवता येईना, एवढंच. त्या दुपारी तिनं एकेक अळी चिमट्यानं काढून वाटीत टाकली. पत्रा तापला होता. घाम डोळ्यांत जात होता. गुरप्पा ओरडून ओरडून थकले आणि शेवटी तिच्या साडीचा पदर मुठीत धरून झोपले. धनलक्ष्मी वाटी घेऊन बाहेर गेली तेव्हा चंद्रिकाला भिंतीवर मंजुनाथचा शर्ट खुंटीला टांगलेला दिसला. ती तोंड फिरवून बसली.

त्यानंतर ती नेमानं जात राहिली. ती यायच्या आधी मंजुनाथ घरातून निघून जायचा. धनलक्ष्मीला नवऱ्याची केस ठाऊक होती, पण ती मुलगी कुणाची, हे बरेच दिवस ठाऊक नव्हतं. कळलं त्या दिवशी तिनं चंद्रिकासमोर चहाचा कप ठेवला, पाय धरायला वाकली आणि चंद्रिकानं पाय मागं घेतले. "असलं काही करू नको," ती म्हणाली. "चादर बदल. ओली झालीय."

शमुवेलला हे कळलं ते चर्चच्या आवारात. मंडळीतली एक बाई शुक्रवार पेठेजवळच राहायची, तिनं पाळकसाहेबांना सांगितलं आणि पाळकसाहेबांनी उपासना सुटल्यावर भल्या मनानं शमुवेलचा हात हातात घेतला. "सलाम, शमुवेल. धन्य तुमची चंद्रिका. शत्रूच्या घरी जाऊन जखमा धुते! आम्ही नुसतं बोलतो, तिनं करून दाखवलं. पुढच्या रविवारी दोघांनी मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यावी असं वाटतं मला."

शमुवेल तडक घरी आला. चंद्रिका स्वयंपाकघरात होती.

"कुणाच्या घरी जातेस तू?"

तिनं गॅस बंद केला. "गुरप्पा नावाचे पेशंट आहेत."

"कुणाचा बाप तो?"

तिनं गॅसवरचं पातेलं उतरवलं.

"तोंडानं सांग की!"

"मंजुनाथचा."

शमुवेल शाळेत क्लार्क होता, आवाज चढवणारा माणूस नव्हता. त्या दिवशी त्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. "माझ्या पोरीच्या अंगावरनं चाक गेलं त्याचं! आणि तू त्याच्या घरात बसून चहा पितेस?"

"चहा नाही पीत मी."

"माफ केलंस त्याला?"

"नाही."

"मग कशाला जातेस?"

"म्हाताऱ्यानं काय केलंय, अहो? आणि दुसरं कुणी जाणारं नाही."

"मरू दे की त्याला! ती मेली नाही का?" असं म्हणून तो स्वतःच घाबरल्यासारखा थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "तू आई आहेस तिची. देवानं हे सांगितलं असेल तुला, तर मला तो देव नको." त्या दिवसापासून तो निवेदिताच्या खोलीत राहायला लागला आणि चर्चला जायचा थांबला. डबा न्यायचा, पगार आणून द्यायचा, विचारल्यास उत्तर द्यायचा.

पाळकसाहेब पुन्हा आले, ह्या वेळी पाळकबाईंना घेऊन. चंद्रिकानं त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, "साक्ष मी देणार नाही. मी माफ केलेलं नाही, मग उभी राहून काय सांगू? आणि ज्याला ऐकवायचं तो आतल्या खोलीत बसलाय. त्याचं मी काय केलं, तेही सांगावं लागेल मला." पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि दोघं गेली.

पावसाळा संपता संपता गुरप्पांना ताप भरला. जखम वरून भरत आली होती, पण छातीत कफ साठला होता. दवाखान्यात जायला ते तयार नव्हते, आणि डॉक्टरही म्हणाले की आता नेऊन फारसा उपयोग नाही. शेवटच्या सकाळी चंद्रिका गेली तेव्हा मंजुनाथ घरातच होता. त्याला बाहेर जाता आलं नव्हतं, कारण बापानं त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा दोघांनी मिळून गुरप्पांना कुशीवर वळवलं. एकानं खांदा धरला, एकीनं कंबर. बोलणं फक्त कामापुरतं. "उचला." "हळू." "उशी द्या इकडं." म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघून ओठ हलवले, पण शब्द फुटला नाही. दुपारपर्यंत ते गेले. त्यांच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवून, कपाळाला विभूती लावून मातीत ठेवलं.

गुरप्पांच्या पाठीखाली घातलेली दवाखान्याची हवेची गादी त्या घरात राहिली होती. काही दिवसांनी चंद्रिका ती न्यायला गेली. धनलक्ष्मी मुलीला पोलिओचा डोस पाजायला घेऊन गेली होती. मंजुनाथनं गादीची घडी करून दोरीनं बांधली, तिच्यासमोर ठेवली आणि तो खाली जमिनीवरच बसला.

"सिस्टर, मला तुमाला काय तर सांगायचंय."

"माफी मागू नका," चंद्रिका म्हणाली. "माझ्याकडं नाहीये ती."

"माफी न्हाय. खरं सांगतो." तो भिंतीकडं बघून बोलत होता. "ट्रॅक्टर उभा नव्हता. मी वळवत हुतो. मागं बघितलंच न्हाय. वकिलानं शिकवलं तसं बोललो मी."

"ते आम्हाला माहीत होतं."

"आनि ती जागीच गेली न्हाय."

चंद्रिका उभी होती. गादीच्या दोरीकडं नेलेला हात तिनं मागं घेतला.

"मी उतरून मागं गेलो. ती बोलत हुती. पाय ट्रॉलीखाली हुता. मला म्हनली, दादा, माझ्या पप्पांना फोन लावा. नंबर सांगितला. दोनदा सांगितला. फोन माज्या हातातच हुता. मी आकडे दाबले बी. मग लांबून एक गाडी येताना दिसली आनि मी उसात पळालो. गाडी थांबलीच न्हाय. मी उसातनं बघत हुतो. ती लई वेळ आवाज देत हुती. मला न्हाय, पप्पांना." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तुमी आमच्या आप्पांच्या अळ्या काढल्या. मी रोज नळाजवळ उभा राहून घड्याळ बघायचो, तुमी गेल्याशिवाय घरात यायचो न्हाय. आता कोर्टात जाऊन सांगनार हाय. तुमाला आदी सांगितलं."

तिला बसायला हवं होतं, पण त्या खोलीत बसायचं नव्हतं. ती गादी उचलून बाहेर आली. बोळात पोरं खेळत होती, कुणीतरी पापड वाळत घातले होते. मागून त्यानं हाक मारली नाही. रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं, तर आपण राहतो त्या भागाचं, जुळे सोलापूरचं, नाव आठवायलाच तिला वेळ लागला.

कोर्टाची तारीख जवळ होती. शमुवेल एकही तारीख चुकवायचा नाही. तो तिथं लाकडी बाकावर बसलेला असताना, परक्या माणसांत, हे त्याच्या कानावर पडणार होतं. चंद्रिकाला आजवर पुष्कळ अवघड कामं करावी लागली होती, पण रविवारी दुपारी निवेदिताच्या खोलीचं दार ढकलणं तिला सगळ्यांत अवघड गेलं. शमुवेल टेबलाशी बसून काहीच करत नव्हता. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि तिनं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. फोनचंही सांगितलं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी शाळेतून घरी आलो होतो त्या वेळी. तू ड्युटीवर होतीस. फोन माझ्या हातात होता. मी क्रिकेट बघत होतो त्याच्यावर."

"अहो..."

"दोनदा सांगितला नंबर?"

"हो."

"पाठ होता तिला. लहानपणी मीच पाठ करून घेतला होता, हरवलीस तर सांगायचं म्हणून." मग तो टेबलावर डोकं ठेवून असा रडला की चंद्रिकाला वाटलं, हा आता मोडला, पुन्हा उभा राहणार नाही. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला. तिनं पुन्हा ठेवला. त्यानं पुन्हा झटकला नाही, पण तिच्याकडं वळलाही नाही.

कोर्टात मंजुनाथनं गुन्हा कबूल केला. मालकाचा वकील त्याच्यावर खेकसला, मग फाईल आपटून बाहेर निघून गेला. शिक्षा सुनावली त्या दिवशी धनलक्ष्मी मुलीला कडेवर घेऊन मागं उभी होती. नवऱ्याला पोलिसांनी बाहेर नेलं तेव्हा ती त्याच्या मागं धावली नाही. ती सरळ चंद्रिकासमोर येऊन उभी राहिली.

"सुटनार हुता तो," ती म्हणाली. "वकील म्हनला हुता, सुटतोय म्हनून. तुमी घरात आलात आनि त्याचं डोकं फिरलं. शिव्या घातल्या असत्या, दगड मारला असता तरी चाललं असतं की. तुमी पट्ट्या बांधल्या. पट्ट्या बांधून माजा नवरा नेलात." तिचा आवाज फाटला. "आता परत आमच्या दारात पाय ठेवू नका."

आजूबाजूचे लोक बघायला लागले. चंद्रिकाला पुष्कळ बोलता आलं असतं. माझी मुलगी कितीतरी वेळ ओरडत होती, असं म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "नाही ठेवणार."

शमुवेल शेजारी उभा होता. त्यानं धनलक्ष्मीकडं बघितलं नाही, तिच्या कडेवरच्या मुलीकडं मात्र बघत राहिला. पोरगी आईच्या रडण्यानं घाबरून मंगळसूत्राशी चाळा करत होती. बाहेर रिक्षा मिळेपर्यंत दोघं उन्हात थांबले. रिक्षात बसल्यावर तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "त्या पोरीला खायला मिळतंय का बघत जा. तिनं येऊ नको म्हटलं तरी. मला काही सांगू नकोस."

चंद्रिका पुढच्या आठवड्यात गेली. दाराच्या आत पाय ठेवला नाही. कडी वाजवली आणि डबा उंबऱ्यावर ठेवला, भात, वरण, दोन अंडी. धनलक्ष्मीनं दार उघडलं, डब्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मग डबा उचलून तिनं दार लावून घेतलं. पुढच्या खेपेला रिकामा डबा घासून बाहेर ठेवलेला होता. असं काही दिवस चाललं. दोघींत एक शब्द झाला नाही. दारामागून पोरीचा खोकला ऐकू यायचा, कधी धनलक्ष्मी तिला कन्नडमध्ये दटावायची, खा, नाहीतर देणार नाही. चंद्रिका तेवढं ऐकून परत फिरायची.

नाताळच्या आधी एक दिवस ती गेली तर दाराला कुलूप होतं. शेजारची काशम्मा तांदूळ निवडत बसली होती. "गेली ती माहेराला," ती म्हणाली. "मैंदर्गीकडं कुटं तरी. भाऊ आला हुता टेम्पो घेऊन. खोली सोडली."

"पोरीचा खोकला?"

"हाय की तसाच. औषध कोन देनार?" काशम्मानं डब्याकडं बघितलं. "मला द्या हवं तर."

"परत येणार आहे का?"

"हितं काय ठेवलंय तिचं?"

चंद्रिकानं गावाचं नाव पुन्हा विचारलं, पण काशम्माला नक्की सांगता येईना. घरी आली तेव्हा शमुवेल दारातच होता. त्यानं डबा तिच्या हातातून घेतला, वजनावरून त्याला कळलं की तो भरलेलाच परत आलाय. त्यानं स्वयंपाकघरात जाऊन दोन ताटल्या काढल्या. गार झालेला भात वाढून घेऊन दोघं समोरासमोर जेवायला बसले. कितीतरी महिन्यांनी एकत्र. चंद्रिकानं जेवणाआधीची प्रार्थना केली. शमुवेलनं डोळे मिटले नाहीत, पण ती संपेपर्यंत घासाला हात लावला नाही.